उष्ट्या पाण्याची चोरी

१

सकाळी सहा वाजता मळ्याचे दिवे लागले आणि लिंबाच्या झाडाखाली पानांचा सडा दिसला. फांद्यांवर उरलेली पानं पिवळी पडून लोंबत होती. त्याच सुमाराला पाणीघरातून निरोप आला, की वसाहतीचं पाणी पुन्हा कमी भरलं आहे.

या ग्रहावर पाऊस पडत नाही. बाहेर श्वास घेता येत नाही. डझनभर माणसं जाड भिंतींच्या आत राहतात आणि तेच ते पाणी गाळून पुन्हा पितात. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते कमी भरलं तर कुणीतरी ते दडवलं आहे, एवढाच अर्थ निघतो. पाणी दडवणाऱ्याला पहिल्या यानाने परत पाठवायचं, हा नियम सगळ्यांनी हात वर करून केलेला आहे.

यान परवा निघणार होतं.

प्रमुखांनी आत्यांना बोलावलं. आत्या तशा कुणाच्याच आत्या नव्हत्या. तिकडे, जुन्या ग्रहावर, कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. इथे त्या मापयंत्रं तपासत. वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि भाच्यांना विचारावं तसं कुणालाही काहीही विचारायच्या, म्हणून आत्या.

"सरळ प्रकरण आहे," प्रमुख म्हणाले. "मळ्यातल्या नळाची किल्ली माळीणबाईंकडे. त्यांची भावजय गरोदर, त्यात अंथरुणाला खिळलेली. बाईंनी झाडाचं पाणी तोडलं आणि भावजयीसाठी साठवलं. झाड वाळलं, पाणी कमी भरलं. दोन्ही जुळतं."

"जुळतं तर मला कशाला बोलावलंत?"

"भावजयीचा नवरा म्हणजे आपला मिस्त्री. बाईंचा सख्खा भाऊ. पुराव्याशिवाय त्याच्या बहिणीला यानात बसवलं, तर उद्या हवेची यंत्रं कोण चालवणार? मी?"

"तुम्ही नकोच," आत्या म्हणाल्या.

पुढचं यान दोन वर्षांनी येणार. माळीण गेली तर बाळंतपणाला घरचं बाईमाणूस उरणार नव्हतं. या ग्रहावर अजून एकही मूल जन्मलेलं नव्हतं. हे पहिलं असणार होतं.

आत्या दारापाशी थांबल्या. "पाणी कुठल्या टाकीतलं कमी झालंय?"

"उष्ट्याच्या."

आत्या परत आत आल्या आणि बसल्या.

२

उष्ट्याची टाकी ही इथलीच सोय. सकाळी प्रत्येकाला पाण्याची बाटली मिळते. संध्याकाळी ती परत करताना तळाचा उरलासुरला घोट भोजनघराच्या दाराशी बसवलेल्या गाळणीत ओतायचा. तिथून तो या टाकीत जातो आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बाटलीत येतो. सुरुवातीला काहींना मळमळायचं. आता कुणाला काही वाटत नाही.

पाणीघर पाणीकाकांच्या ताब्यात होतं. ते टाक्यांच्या मधोमध स्टुलावर बसून नाक शिंकरत होते. इथे आल्यापासून सगळ्यांचीच नाकं चोंदलेली असतात. इथल्या कमी वजनात अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, असं डॉक्टर सांगतात.

"महिना झाला, या टाकीत म्हणावं तसं काही पडतच नाही," पाणीकाका म्हणाले. "कुणीतरी काढून घेतंय."

"कुलूप?"

"आहे. किल्ली माझ्या गळ्यात. आता मलाच चोर म्हणा."

"तेवढी घाई नाही. संध्याकाळी बाटल्या कशा येतात?"

"कोरड्या. चाटूनपुसून आणल्यासारख्या."

"कुणाकुणाच्या?"

"सगळ्यांच्याच की."

"मग टाकीत पाणी पडलंच नाही. चोराने टाकीतून काढलं काय?"

पाणीकाकांनी रुमाल खिशात घातला. "लोक जास्त पीत असतील."

"जास्त प्यायले तर संडासाच्या नळीतून जास्त परत येईल. येतं का?"

"नाही येत," ते म्हणाले. "आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मळ्याच्या बाजूच्या खोलीत नणंद-भावजय राहतात. डॉक्टरांच्या हुकमाने भावजयीला दुप्पट पाणी जातं. परत येतं ते दोघींच्या रोजच्या पाण्याइतकंही नसतं. आता कोण काय साठवतंय ते तुम्हीच ओळखा."

"तुम्ही मळ्यात जाऊन पाहिलंत?"

"मी? माझं काय काम तिकडे? वर्षभरात पाऊल टाकलेलं नाही."

आत्या उठल्या. पाणीकाकांच्या बुटाच्या पट्टीत काहीतरी पांढरं अडकलं होतं. वाळकी, टोकाला जांभळट पाकळी. वसाहतीत फुलणारं झाड एकच होतं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा गेल्याच महिन्यात फुललं होतं.

३

मळा म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला जाड काच, दुसऱ्या बाजूला पालेभाजीचे ट्रे एकावर एक. लिंबाची कुंडी माणूस बसेल एवढी मोठी, चाकांच्या चौकटीवर ठेवलेली. दिवसा ती उन्हासाठी काचेजवळ न्यायची आणि काच गार पडायच्या आत परत आतल्या भिंतीशी आणायची. हे काम मिस्त्रीचं. कुंडीच्या बुडाला भोक नव्हतं. इथल्या कुठल्याच कुंडीला नसतं. थेंब गळू द्यायचा नाही, ही इथली पहिली शिकवण. ठिबकच्या नळीतून झाडाला लागेल तेवढंच पाणी सुटतं आणि झाड ते सगळं पितं.

मिस्त्री खाली बसून चाक खोलत होता. आत्यांना पाहूनही उठला नाही.

"बहिणीला पाठवणार असाल तर मीही जातो," तो म्हणाला. "मग बसा एकमेकांना फुंकर घालत."

"बायकोला इथे टाकून?"

तो पुन्हा चाकाकडे वळला.

"चाकाला काय झालंय?" आत्यांनी विचारलं.

"काय झालं नाही ते विचारा. सुरुवातीला कुंडी निघेचना. जाम. म्हणून वंगण घातलं. मग थांबेना. नेहमी नुसता हात लावला की थांबायची, आता सरळ जाऊन दाराच्या चौकटीवर आदळते. ब्रेक बदलला. तरी तेच."

दाराच्या चौकटीला ताजा पोचा होता. त्याच्या खाली एक जुनाट, त्याहून उथळ. आत्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं.

"आणि आता वंगण घातल्यावर निघते तरी नीट?"

"छे. निघायला जड ती जडच."

"निघायला जड आणि थांबायलाही जड."

"तेच तर. चाकंच भिकार आहेत."

"चाक जाम असेल तर गाडी लवकर थांबेल. सैल असेल तर लवकर निघेल. एकाच चाकात दोन्ही दोष कसे असतील, मिस्त्री?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि चाकाकडे पाहिलं, मग आत्यांकडे. बोलणार तेवढ्यात दार उघडलं. आचारी डोकावला. हातात सूपचं भांडं होतं, पण तो सूप कुणाला देणार ते बोलला नाही.

"फळ धरलं का हो एखादं?" त्याने विचारलं. मग खाली पडलेली पानं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही इकडे नेहमी येता?" आत्यांनी विचारलं.

"मी? कधीच नाही," आचारी म्हणाला आणि निघाला. जाताना खाली न बघता त्याने ठिबकची नळी बरोबर ओलांडली. ती नळी पानांच्या सड्याखाली पूर्ण झाकलेली होती.

४

बाजूच्या खोलीत भावजय उशीला टेकून बसली होती. मळ्याची हवा दमट, म्हणून डॉक्टरांनी तिला इथे हलवलं होतं. मधलं दार उघडं राही. पलंगावरून लिंबाच्या वरच्या फांद्या दिसत. संध्याकाळी कुंडी आत आली की दारापासून हाताच्या अंतरावर असे.

डॉक्टरांनी आत्यांना दाराबाहेर घेतलं.

"मला सांगायला बरं वाटत नाही," ते म्हणाले. "हिला दुप्पट पाणी देतोय. तरी ओठ कोरडे, उभी राहिली की चक्कर. इथलं शरीर गरोदरपणात पाणी धरत नाही असं दिसतंय. मी यानाबरोबर तसं कळवणार आहे. म्हणजे यापुढे कुणी जोडपं इकडे पाठवणार नाहीत."

"एका बाईवरून?"

"दुसरी आहे कुठे?"

"आणि लिंबाचं काय म्हणता? फुलं छान आली होती म्हणे."

"हो ना. पहिल्या बहराला खालच्या, आतल्या फांद्यांना जास्त होती..." डॉक्टर थांबले. "असं ऐकलं."

आत्या आत गेल्या. माळीण भावजयीच्या पायांना तेल लावत होती. हात चालू ठेवूनच म्हणाली, "विचारा आत्या. मी चोरलं नाही. पण झाडाकडे लक्ष कमी झालं, हे खरंय. महिनाभर इथेच आहे मी."

"झाडाला काय झालंय असं वाटतं?"

"तहान म्हणावी तर ठिबक चोख आहे. मापाचा काटा रोज बघते. वरची माती मात्र कोरडी ठणठणीत, पण पंख्याने ती तशीच असते. रोग म्हणावा तर कीड नाही. बहर आला तेव्हा वहिनी म्हणाली, लिंबू चोखावंसं वाटतंय. गावभर झालं ते. मला काय माहीत, महिन्याभरात असे हाल होतील."

"गावभर कुणी केलं?"

"दादाने. त्याच्या पोटात काही राहतं का?"

भावजय हसली. हसताना तिचा खालचा ओठ चिरला. तिने तो दाताखाली धरला.

"आत्या," तिने विचारलं, "झाड वाचलं तर हिला नाही ना धाडणार?"

"झाडाचा आणि चोरीचा काय संबंध?"

"प्रमुख म्हणाले होते दारात. आठवड्यापूर्वी. झाड मेलं तर पाणी तोडल्याचा पुरावाच होईल, असं." तिने नणंदेचा हात धरला. "मी ऐकलं."

पलंगाशेजारी तिच्या दोन्ही बाटल्या होत्या. दुपारचे जेमतेम बारा वाजत होते आणि दोन्ही रिकाम्या होत्या.

आत्यांनी त्या उचलून उजेडात धरल्या, परत ठेवल्या, आणि प्रमुखांना निरोप पाठवला: सगळ्यांना मळ्यात बोलवा. मिस्त्रीला म्हणावं, ड्रिल घेऊन ये.

५

सगळे आले. कुणी ट्रेला टेकलं, कुणी काचेला. पानांवर पाय पडू नये म्हणून सगळे झाडापासून लांब उभे राहिले.

"चोरी शोधताना मी दोन गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या," आत्या म्हणाल्या. "पाणी गेलं ही एक. झाड वाळलं ही दुसरी. प्रमुखांनी त्या जोडल्या, ते बरोबर केलं. फक्त उलट्या जोडल्या."

"म्हणजे?" प्रमुख म्हणाले.

"मिस्त्री, ही कुंडी उचल एका बाजूने."

मिस्त्रीने कड धरून ती वीतभर उचलली. "हलकीच आहे."

"इथे सगळंच हलकं. तिकडच्या वजनाचा तिसरा हिस्सा. वाढलेलं वजन हाताला नीट कळत नाही. पण वस्तू चालू करायला आणि थांबवायला जो जोर लागतो, तो इथे काही कमी होत नाही. आत जेवढं भरलंय तेवढा जोर. कुंडी निघताना अडते आणि थांबताना धावते. चाक बदलून, वंगण घालून, ब्रेक बदलूनही. म्हणजे दोष चाकात नाही. तहानेने वाळणाऱ्या झाडाची कुंडी दिवसेंदिवस भरत चालली आहे. बुडाला भोक पाड."

माळीण पुढे झाली. ती आत्यांकडे नाही, झाडाकडे बघत होती. ड्रिल मिनिटभर घरघरलं. मिस्त्रीने ते बाहेर ओढलं.

पाणी आलं. इथे पाणी घाई करत नाही. काळसर, जाड धार फुगून भोकातून बाहेर आली आणि सावकाश खाली वाकली. पाणीकाकांनी धावत जाऊन बादली लावली. ती भरली. दुसरी लावली. चोंदलेल्या नाकांनाही कुजका वास आला.

"मुळं सडलीत," माळीण म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "बुडालंय ते. बुडालेलं झाड तहानलेल्यासारखंच मान टाकतं. हात घालून बघायला हवं होतं मी."

"ओतलं कुणी?" प्रमुखांनी विचारलं.

"महिनाभरापूर्वी फुलं आली," आत्या म्हणाल्या. "भावजयीला लिंबू हवंसं झालं. त्याच आठवड्यापासून सगळ्यांच्या बाटल्या कोरड्या यायला लागल्या. पाणीकाका, बुटातली पाकळी काढा आता. आचारी, कधी न येणारा माणूस झाकलेली नळी ओलांडत नाही. डॉक्टर, आतल्या फांद्यांची फुलं झाडापाशी वाकल्याशिवाय दिसत नाहीत."

पंखा फिरत होता.

"घोटभर," शेवटी आचारी म्हणाला. "रोज घोटभरच. माझाच होता तो. म्हटलं फळ धरायला मदत होईल."

"माझाही घोटभरच," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रीने ड्रिलकडे बघत मान डोलावली. मागून आणखी हात वर झाले.

"काका, तुम्हीसुद्धा?" प्रमुख म्हणाले.

"नियम मीच लिहिलाय, माहीत आहे मला," पाणीकाका तडकले. "ठिबकशिवाय मातीत पाणी ओतणं म्हणजे चोरी. म्हणून तर गुपचूप ओतत होतो. मला काय माहीत, ही सगळी गाढवं तेच करतायत."

"आणि माझ्या नावाने बोंब मारत होतात," माळीण म्हणाली.

पाणीकाकांनी तिच्याकडे बघितलं नाही. "पोरी, पाणी कमी भरलं तर सांगावं लागतं. ते माझं काम आहे."

पाणी मोजलं गेलं. प्रत्येकाचा घोट महिन्याभराचा धरला, झाड प्यायलं असेल ते सोडून दिलं. बेरीज निम्म्यावरच अडली.

बाकीचं निम्मं पाणी कुणाचं, ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

६

आत्या एकट्याच बाजूच्या खोलीत गेल्या आणि मधलं दार लावून घेतलं.

"दुप्पट पाणी एकाच माणसाला मिळतं," त्या म्हणाल्या. "जे प्यायलं ते नळीतून परत येतंच. तुझं परत येत नाही. आणि तुझे ओठ बघ."

भावजयीने चादर सारखी केली. "पानं गळायला लागली तेव्हापासून. त्याआधी नाही."

"किती?"

"एक अख्खी बाटली. पुढे पुढे दुसरीतलंही निम्मं. ताईचा डोळा लागला की उठायचे. भिंत धरून." ती थांबली. "झाड तहानलंय वाटलं. ते मेलं असतं तर ताईला नेलं असतं. मी एवढंच बघितलं."

"आणि पोटातल्याला?"

"त्याला तरी आत्या नको का?"

आत्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग आपल्या बाटलीतून पाणी ओतून पेला तिच्या हातात दिला. "पी. माझ्यासमोर. सगळं."

ती प्यायली. आत्यांनी दुसरा भरला.

डॉक्टरांना बोलावलं. ऐकून ते खुर्चीत बसले आणि हसायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसले. यानाबरोबर पाठवायचं पत्र त्यांनी तिथेच मागे घेतलं. इथलं शरीर पाणी धरतं की नाही, ते आधी पाणी पाजून बघू, असं म्हणाले.

माळीण आत आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. तिने भावजयीच्या डोक्यावर टपली मारली.

"अक्कल आहे का तुला?"

"नाही," भावजय म्हणाली. "तुमच्याच घरात दिलंय मला."

संध्याकाळी प्रमुखांनी निर्णय सांगितला. नियमाप्रमाणे सगळी वसाहत यानात बसवावी लागेल आणि यानात जागा एकच आहे. शिवाय, चोरी म्हणजे दुसऱ्याचं घेणं, इथे सगळ्यांनी आपापलं दिलं. म्हणून कुणीही जाणार नाही. पुढच्या बैठकीत नियम बदलायचा, आणि मोठ्या कुंड्यांच्या बुडाला तोटी बसवायची.

"आणखी एक," आत्या म्हणाल्या. "भावजयीचं धरूनही साधारण बाटलीभर पाणी जास्त निघतंय. तुमचा घोट मी धरलेला नाही. धरू?"

"चौकशी संपली आहे," प्रमुख म्हणाले.

ठरल्या वेळी यान निघालं. ती जागा रिकामी गेली. भावजय आता बोळातून दोन फेऱ्या मारते. चक्कर येत नाही. तिच्या बाटल्या पाणीकाका स्वतः आणून देतात आणि ती पिईपर्यंत हलत नाहीत. आचारी म्हणतो, काका लवकरच तिला घोट गिळायला शिकवतील.

माळणीने झाड कुंडीतून बाहेर काढलं. सडलेली मुळं कापली, फांद्या निम्म्याहून अधिक छाटल्या आणि उरलेला बुंधा कोरड्या मातीत लावला. त्याच्याभोवती दोरी बांधली आहे. दोरीच्या आत पाऊल टाकायला फक्त तिलाच परवानगी आहे. भावालाही नाही.

आज सकाळी खालच्या एका छाटलेल्या फांदीच्या बगलेत हिरवा ठिपका दिसला. सगळे येऊन दोरीबाहेरून बघून गेले. लिंबाला पान आणि काटा एकाच जागी फुटतात आणि पहिले काही दिवस दोन्ही सारखेच दिसतात. हे त्यांतलं कुठलं, ते माळीण अजून सांगत नाही.